छबुबाईच्या वाकळा

"हातानं न्हाई, महादेवी, गालानं बघ. हात दिवसभर पाण्यात आसतो, त्येला वल कळत न्हाई. गालाला गार लागलं की समज, आत वल हाय. आन् आत वल ठेवून कुनाचं धुणं घरी धाडायचं न्हाई."

सासूबाईंना जाऊन आता वर्ष उलटून गेलं होतं, तरी धुतलेलं कापड हातात आलं की हे बोलणं महादेवीच्या कानात उमटायचंच. सर्वपित्री अमावास्येच्या सकाळीही तिनं ड्रायरचं गोल दार उघडलं, आतली वाकळ अर्धी बाहेर ओढली आणि तिला गाल टेकवला. भरल्या रांजणाला गाल लावावा तशी ती गार लागली.

तिनं वाकळ आत ढकलली, दार लावलं आणि बटण दाबलं. ढोल गरगर फिरायला लागला. काचेतून वाकळ वर जाताना आणि धप्पकन खाली पडताना दिसत होती. आवाज नेहमीचा, फिरणंही नेहमीचं. नव्हती ती फक्त ऊब.

वडवणीच्या बाजाररस्त्यावर त्यांची लॉन्ड्री होती. पुढं इस्तरीचं टेबल, त्याच्यावर भिंतीला परीट संत माचय्या शरणांचा फोटो, खांद्यावर धुण्याचं गाठोडं घेतलेला. मागं धुण्याची खोली आणि तिथंच मागच्या भिंतीला चिकटून हे मशीन. तिच्या मुलानं, वीरेशनं, संभाजीनगरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून ते आणलं होतं. सासूबाईंनी शेवटच्या दिवसांत ते फिरताना पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "आरं, माज्यासारख्या म्हातारीला यात घालशील तर सुरकुत्या तरी जात्याल." घरभर हशा पिकला होता.

उन्हाळ्यात त्या मशीनकडं कुणी ढुंकून बघत नसे. गच्चीवर टाकलेलं धुणं चहा होईतो कडक वाळायचं. यंदा श्रावणही कोरडाच गेला, त्यामुळं ते जुन्या चादरीखाली झाकूनच होतं. मग भाद्रपद संपता संपता पाऊस जो बसला तो उठायचं नाव घेईना. आणि बसला तोही नेमका घटाच्या तोंडावर! घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन वाळवायचं, घरात ओलं धुणं असताना घट मांडायचा नाही, ही इकडच्या घराघरांतली रीत. एकदा घट बसला की दसऱ्यापर्यंत कुणी वाकळ पाण्यात घालत नाही. त्यामुळं लॉन्ड्रीत गाठोड्यांची रास लागलेली. पहिल्या दिवशी मशीननं वाकळा कोमट तरी केल्या होत्या. काल संध्याकाळपासून तेवढंही नव्हतं.

त्या राशीत सगळ्यांत वर गाठोडं होतं छबुबाईचं. छबुबाई नदीकाठच्या वस्तीतली. तिची लेक मनिषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बारसं नुकतंच झालेलं. नदीचं पाणी घरात शिरलं आणि होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा चिखलात लोळल्या. नव्या जिवाला परक्या घरचं पांघरूण घालत नाहीत. आई, आजी, पणजी यांच्या अंगावर मऊ झालेल्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून जी वाकळ होते, तिच्यातच त्याला निजवायचं. काल छबुबाई ते गाठोडं डोक्यावर घेऊन आली तेव्हा तिच्या पदरातून पाणी निथळत होतं.

"लेकराला माज्या एका लुगड्यात गुंडाळलंय बाई. रातभर कुडकुडतंय," ती म्हणाली होती. "परवा घट. तुजा ढोल वाळवील का तवर?"

"वाळवील मावशी. उद्या दिवेलागणीच्या आत मी सवता घरी आणून देते."

महादेवीचा आवाज मुळातच हळू. समोरच्याला कान पुढं करावा लागे. पण त्या हळू आवाजात दिलेला शब्द आजवर मागं आला नव्हता, हे छबुबाईला माहीत होतं. म्हणून तर ती काही न बोलता तशीच भिजत परत गेली होती.

आणि आता वाकळा धुऊन, पिळून तयार होत्या. आणि ढोल गार होता.

"फेज गेली आसंल एक," महादेवीचा नवरा धोंडप्पा इस्तरी बाजूला ठेवत म्हणाला. "तीन फेजचं मशीन हाय ते. ढोल फिरायला एक फेज पुरती. गरम करायला तिन्ही लागत्यात. डीपीवरचा फ्यूज उडाला आसंल पावसानं."

"बघून या की मग."

"बघायला कशाला जायला पायजे? शेजारी इचारतो." धोंडप्पा पावसासाठी रिकामं पोतं डोक्यावर घेऊन शेजारच्या परमेश्वरच्या पिठाच्या गिरणीत गेला. गिरणीही तीन फेजवरच चालते, एक जरी गेली तरी मोटर नुसती घुरघुरते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. तो परत आला तो कपडे झटकतच. "त्याची गिरणी तर धडाधडा ज्वारी दळतीय. वर मला म्हणतोय, आप्पा, तुमचं मशीन बी अमोशा पाळतंय का? बैलासारखं उभं न्हाई ऱ्हायलं हे नशीब."

महादेवी हसली नाही, पण तिनं भिंतीवरच्या बोर्डाकडं पाहिलं. लाल, पिवळा, निळा, तिन्ही बारके दिवे जळत होते. म्हणजे वीज पुरती येत होती.

वीरेश मोबाइल हातात घेऊनच आला. "आई, कॉइल जळलीय. दुसरं काय नसतंय. पुण्याहून मागवावी लागंल. घट काय, दसरा बी जाईल."

"तू बघितलीस का जळलेली?"

"बघायची काय गरज? गरम व्हत न्हाई म्हंजी कॉइलच."

"न बघता कसं म्हणावं मग?" महादेवी म्हणाली. "हणमंताला फोन लाव."

हणमंत म्हणजे बीडचा हनुमान मिस्त्री. मशीन बसवलं तेव्हा त्यानंच जोडणी केली होती. फोन लागला, तर पलीकडंही पावसाचाच आवाज. "काकू, यायला लागलो आसतो, पण रस्त्याच्या पुलावरून पाणी चाललंय. येसटी बी बंद हाय. आता तुमीच माजे हात. मी सांगतो तसं करत चला. आधी सांगा, जाळी साफ हाय का?"

"रोज सकाळी पूजा झाली की पहिलं तेच काम करती मी."

"मग काकू, तुमची पूजा पक्की हाय म्हणायची. बघा तरी."

दाराच्या खाली जाळीचा खण होता. कपड्यांची सुटलेली लव त्यात अडकायची. महादेवीनं तो ओढला. एका दिवसापुरती, मांजराच्या पोटावरच्या केसांसारखी पातळ लव तेवढी जमली होती. तिनं बोटानं ती गोळा केली आणि जाळी उजेडात धरली. आरपार दिसत होतं.

"जाळी साफ."

"मग मेन बटण बंद करा. बंद म्हंजी बंद, बोर्डावरचं. पाठीमागं डाव्या बाजूला खाली एक बारकी पत्र्याची झापड हाय, दोन स्क्रूची. ती काढा. आत एक लाल बटण दिसंल, उडदाच्या दाण्याएवढं."

वीरेश म्हणाला, "मी काढतो." पण मशीन आणि भिंत यांच्यामध्ये त्याचा खांदा जाईना. अखेरीस महादेवीनंच पदर खोचला, फरशीवर आडवी झाली आणि एक हात आत घातला. स्क्रू बोटांनी चाचपून काढले. तिचा गाल फरशीला टेकला होता, कानाशी पाण्याचा ओहोळ वाहत होता.

"दिसलं का?"

"दिसत न्हाई. बोटाला लागलं."

"दाबा जोरात."

टक्, असा बारीक आवाज झाला.

"वाजलं!" फोनमधून हनुमानच ओरडला. "वाजलं ना? म्हंजी ते उडालं व्हतं. आता चालू करा."

धोंडप्पानं बोर्डावरचं बटण वर केलं. ढोल फिरायला लागला. महादेवीनं काचेवर तळहात ठेवला, मग लक्षात येऊन गाल ठेवला. थोड्या वेळानं काच कोमट झाली, मग चांगली ऊन लागली. शिवांजली, वीरेशची बायको, दारात झाडू घेऊन उभी होती. तिच्याकडं बघून महादेवी म्हणाली, "आलं गं गरम!"

शिवांजलीनं मान हलवली, पण हसली नाही.

"बघ," महादेवी वीरेशला म्हणाली. "जळलेली कॉइल कशी तापली?"

वीरेशनं कान खाजवला. "तसं बी मी शंभर टक्के म्हणलो नव्हतो."

ती ऊब फार टिकली नाही. धोंडप्पाचा चहा पिऊन व्हायच्या आत काच पुन्हा गार पडली. ढोल तसाच फिरत होता, बिनघोर. महादेवी पुन्हा फरशीवर आडवी झाली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा टक्. पुन्हा ऊब आणि पुन्हा गार.

"आता कळलं," हनुमान फोनवर म्हणाला. "काकू, नीट ऐका. मशीन बिघडलेलं न्हाई. ते सवताला वाचवतंय. आत तापलेली हवा मागच्या पाइपातनं भिंतीबाहेर जायला पायजे. ती कोंडली की आत लई ताप व्हतो. मग ते लाल बटण उडून गरम करणं बंद करतं, न्हाईतर वाकळा पेटल्या आसत्या. वाट कुठंतरी बंद हाय. बाहेर, बोळाच्या बाजूला, पाइपाच्या तोंडावर पत्र्याची झडप हाय. हवा आली की ती सवताहून उघडती. ती उघडतीय का कुनी बघा."

"मी बघून येते," शिवांजली म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत डोक्यावर पदर घेऊन मागच्या बोळात गेली.

ती परतली तेव्हा केसांवर थेंब होते आणि नजर फरशीवर. "उघडतीय."

"उघडतीय म्हंजी? हवा येतीय?" हनुमाननं विचारलं.

"हां."

"मग पाइपात आत काय तरी आडकलं आसंल. काकू, जाळीच्या खणातनं काठीला फडकं बांधून घाला आन् वळणापर्यंत फिरवा. पाइप मी मशीनला पक्का मारलाय, तो सोडू नका."

महादेवीनं वेळूच्या काठीला मऊ धोतराचा तुकडा गुंडाळला. काठी घातली, फिरवली, ओढली. लवेचे करडे गोळे निघाले, एक बटण निघालं, एक चपटी झालेली माचिस निघाली. प्रत्येक वेळी ती काठी बाहेर काढून बघायची आणि पुन्हा घालायची. धोंडप्पा म्हणाला, "जेवून घे. सकाळपासून पोटात काय न्हाई." ती म्हणाली, "वाकळा पोचल्या की जेवते." हे तिनं आग्रहानं म्हटलं नाही, रागानंही नाही. पण धोंडप्पानं ते ऐकल्यावर स्वतःचं ताटही झाकून ठेवलं.

दुपारी छबुबाई आली. पायांत चपला नाहीत, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काय गं महादेवी! लांबनं ढोल वाजताना ऐकला. म्हणलं, वाजतोय तर वाळवीत बी आसंल."

"वाजतोय मावशी, पण तापत न्हाई."

"आमच्या घरात बी एक हाय तसलाच," छबुबाई पायऱ्यांवर बसत म्हणाली. "वाजतोय लई, कामाला न्हाई. मनिषाचा बा." मग हसू ओसरलं. ती गुडघे चोळायला लागली. "लेकराला खोकला लागलाय गं. मी चुलीपाशी घेऊन बसली व्हती, तर धुरानं आजूक वाढला. तुला जमत नसंल तर सांग. वल्याच दे, मी करते काय तरी."

वीरेश आईकडं बघत म्हणाला, "देऊन टाक आई. चुलीपाशी वाळवतील."

"चुलीपाशी वरून वाळती, आतले थर वलेच ऱ्हात्यात. त्यात तान्हं लेकरू निजवायचं?" महादेवी उठून छबुबाईच्या समोर बसली. "मावशी, दिवेलागण झालेली न्हाई आजून. तुमी घरी जा. लेकराला छातीशी धरून बसा. मी येते."

छबुबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांत लवेचे तंतू चिकटले होते. "येतीस ना?"

"येते."

छबुबाई गेली. शिवांजली खिडकीपाशी उभी राहून ती वळणापर्यंत जाईतो बघत होती. तिनं ओठ मुडपले होते.

महादेवीनं सगळे गोळे काढून झाल्यावर पुन्हा लाल बटण दाबलं. ऊब आली. ती काचेपाशी थांबली नाही. या खेपेला ती सरळ मागच्या दारानं बोळात निघाली.

"आत्या, मी बघून आलेय की," शिवांजली मागून म्हणाली. "तुमी भिजाल."

"भिजू दे."

बोळ अरुंद होता, वरून पन्हळाचं पाणी पडत होतं. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपाच्या तोंडावर पत्र्याचं कडं होतं आणि त्यात झडप. महादेवीनं झडपेसमोर हात धरला, मग वाकून गाल नेला. हवेचा श्वासही नव्हता. झडप घट्ट मिटलेली होती. तिच्या एका बाजूनं, बिजागरीपासून कड्यापर्यंत, चिकणमातीच्या नळ्या एकीला एक चिकटून बसल्या होत्या. कुणी बारीक बोटांनी लिंपल्यासारख्या. महादेवीनं डोळे बारीक केले. मातीवर हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं होतं आणि पन्हळाच्या आडोशाला, कड्याच्या खाचेत, एक सुकलेलं बेलाचं पान खोवलेलं होतं.

सकाळच्या पूजेच्या ताटातलं पान. कधी कधी ताटात एक कमी भरायचं, तिला वाटायचं वाऱ्यानं उडालं.

शिवांजली दारात उभी होती, पावसाबाहेर, पण चेहरा भिजलेल्या माणसासारखा.

"कुंभारीण," महादेवी म्हणाली.

कुंभारमाशी. ओल्या मातीचे गोळे तोंडातून आणून भिंतीवर, दारावर, कधी टांगलेल्या सदऱ्यावर घर बांधते आणि आत पिलं ठेवून तोंड लिंपून टाकते. तिनं घरात बिऱ्हाड केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं सासूबाई म्हणायच्या. शिवांजलीला तर त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. त्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा शिवांजली दवाखान्यातून रिकामी परतली. तेव्हापासून तिनं त्याविषयी बोलणंच सोडून दिलं होतं.

"कवापासून हाय हे?"

"श्रावणात केलं तिनं. मशीन बंदच व्हतं, आत्या. मला काय ठावं, पाऊस आसा येईल." शिवांजलीचा आवाज चिरकला. "मी म्हणलं, मशीनला दुसरं काय तरी झालं आसंल. सकाळपासून देवाला म्हणत व्हते, दुसरं काय तरी निघू दे."

"आन् झडप उघडतीय म्हणलीस."

"आप्पांनी नाहीतर ह्यांनी येऊन काठीनं पाडलं आसतं."

"मी पाडलं आसतं का?"

शिवांजलीनं मान खाली घातली. "त्या लेकराला खोकला झालाय म्हणली ती बाई. तवापासून माजा जीव थाऱ्यावर न्हाई. पाडा आत्या. पाडा तुमी. मी आत जाते."

महादेवी हलली नाही. पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. एका बाजूला छबुबाईला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला हे मातीचं घर आणि ते बेलाचं पान. घर पाडायला नखभर जोर लागला असता. तेवढ्यात तिला सासूबाईंचं एक काम आठवलं. बोलणं नव्हे, काम. वीरेश पोटात असताना कुंभारणीनं स्वयंपाकघराच्या दारावर, फळीच्या कडेला, घर केलं होतं. दार मिटलं की घर मोडणार आणि दार उघडं ठेवलं की मांजर दूध पिणार. सासूबाईंनी धोंडप्पाला हाक मारली होती आणि दाराची अख्खी फळीच बिजागरीतून उचलून, घरासकट, पडवीत नेऊन उभी केली होती. पावसाळाभर स्वयंपाकघराला पडदा होता. मांजरावर त्या स्वतः बसून नजर ठेवायच्या.

"शिवांजली, आत जाऊ नको," ती म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर आण. आन् खोबऱ्याच्या तेलाची वाटी. वीरेशला सांग, छत्री घेऊन ये, पण काठी आणू नको."

कडं आणि झडप मिळून एकच नग होता, भिंतीला कोपऱ्यांवर स्क्रूनं मारलेला. मातीच्या नळ्या त्या नगावरच होत्या, भिंतीला त्यांचा बोटभरही स्पर्श नव्हता. म्हणजे सगळंच्या सगळं उचलता आलं असतं. अडचण एकच, स्क्रू गंजून पत्र्याशी एकजीव झाले होते.

वीरेशनं छत्री धरली. मातीचं घर बघितलं, हळदीकुंकू बघितलं, बायकोकडं बघितलं. "मी फिरवू का आई?"

"तू जोर लावशील. जोर नको, धीर पायजे."

तिनं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर तेल सोडलं आणि थांबली. मग हळू फिरवलं. हलला नाही. पुन्हा तेल. ओठांत तिचं नामस्मरण चाललं होतं, रोजच्या पूजेला असतं तेवढ्याच लयीत, आणि त्या लयीत मनगट दाबत होतं. पहिला स्क्रू करकरला. दुसरा सुटला. तिसऱ्याचं डोकं झिजलेलं होतं, स्क्रूड्रायव्हर निसटून तिच्या अंगठ्याला लागला, रक्त आलं. शिवांजलीनं पदराची चिंधी फाडून बांधली. मग तिनंच स्क्रूच्या डोक्यावर सुतळीचा तुकडा ठेवला, "आता दाबा आत्या, निसटणार न्हाई," म्हणाली. सुतळीच्या पकडीनं तोही वळला. शेवटच्या स्क्रूला वीरेशनं छत्री मानेत धरून दोन्ही हातांनी कडं खालून तोलून धरलं.

नग सुटला तेव्हा पाइपातून कोंडलेल्या गरम वाफेचा लोट बाहेर आला, ओल्या कापडाच्या वासाचा. तिघंही मागं सरली. वळचणीतून एक काळी, कमरेला दोऱ्याएवढी बारीक माशी भुणभुणत आली, तिघांच्या डोक्यांवरून एक घिरटी घालून गेली.

"मालकीण आली," वीरेश म्हणाला. "भाडं मागू का?"

शिवांजलीला एकदम हसू फुटलं आणि त्या हसण्यातच डोळे भरले.

महादेवीनं कडं उजेडाकडं वळवून पाहिलं. काही नळ्यांना भोकं पडली होती, त्यांतली पिलं उडून गेली होती. दोन अजून लिंपलेल्या होत्या. "बघ, आजून बिऱ्हाड हाय आत," ती शिवांजलीला म्हणाली. "हे तुज्या सैपाकघराच्या खिडकीवर, वळचणीला बांध. पाऊस लागणार न्हाई. तिला घर सापडंल." मग आवाज आणखी हळू करून, "आस धरायला माजी ना न्हाई. मी बी तुज्यासाठी रोज एक पान जास्त वाहते. पण बाई, आपली आस राखायला दुसरीचं लेकरू वलं ठेवायचं न्हाई. मला सांगायचं."

"सांगीन, आत्या."

धोंडप्पानं तेलाचा रिकामा डबा कापून पाइपाच्या तोंडावर छप्पर ठोकलं, पाऊस आत जाऊ नये म्हणून. महादेवी शेवटची एकदा फरशीवर आडवी झाली. टक्. ढोल फिरला. काच तापली आणि तापलेलीच राहिली. बोळातून शिवांजलीचा आवाज आला, "आत्या, हवा येतीय! खरंच येतीय!" खरंच या शब्दावर तिनं असा जोर दिला की धोंडप्पानं बायकोकडं प्रश्नार्थक पाहिलं. महादेवीनं नुसती मान हलवली. ते सासू-सुनेतच राहिलं.

हनुमानला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कशानं बरं बंद झालती वाट?"

"मातीनं," महादेवी म्हणाली.

वाकळा जाड होत्या. एकदा फिरवून काढल्या, उलट्या केल्या, पुन्हा घातल्या. पावसाचा जोर ओसरला होता, बाजारातल्या पत्र्यांवरून आता नुसते थेंब गळत होते आणि ढगांखालून पिवळसर उजेड आला होता. परमेश्वरनं गिरणी बंद केली. शेवटची वाकळ काढली तेव्हा महादेवीनं तिचा मधला, सगळ्यांत जाड भाग शोधला. जिथं लुगड्यांचे थर एकावर एक येतात आणि टाके दाट असतात, तिथं तिनं गाल टेकवला. डोळे मिटले. ऊब सगळीकडं सारखी होती, अगदी आतल्या थरापर्यंत. एका थरात फिकट हिरवं लुगडं होतं, एकात विटकरी. छबुबाईच्या आईचं असेल, कदाचित तिच्याही आईचं.

"वाळली," ती कुणाला तरी म्हणाली. तिथं फोटोतल्या माचय्यांशिवाय कुणी नव्हतं.

तिनं वाकळांच्या घड्या घातल्या, गाठोडं बांधलं, वरून मेणकापड गुंडाळलं. वीरेश म्हणाला, "मी गाडीवर सोडून येतो, आई."

"मी येते म्हणलं व्हतं त्यांना. तू आलास तर तुजा शब्द व्हईल, माजा न्हाई." मग ती शिवांजलीकडं वळली. लग्न होऊन या घरात आल्यापासून देवापुढचा संध्याकाळचा दिवा तिच्याशिवाय दुसऱ्या हातानं लागला नव्हता. "मला यायला येळ लागंल. आजची वात तू लाव."

शिवांजली हात धुवायला मोरीकडं गेली.

धोंडप्पानं गाठोडं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. महादेवीनं अंगठ्यावरची चिंधी घट्ट केली, साडी घोट्यापासून वर खोचली आणि पायरी उतरली. रस्त्यावर चिखलात पाणी साचलं होतं. डोक्यावरचं गाठोडं अजून ऊन होतं, तिच्या केसांना ते लागत होतं. गिरणीपुढून, बंद दुकानांपुढून ती नदीकाठच्या वस्तीकडं चालायला लागली.